गोग, मागोग आणि आपलं वावर: अंतकाळाबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रभूच्या नावात सलाम, भाऊ.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. राळेगावकडच्या तुमच्या गावात घरातच मंडळी भरते. तिथे बाहेरगावाहून एक वक्ते आले आणि भिंतीवर जगाचा नकाशा लावून काही रात्री त्यांनी अंतकाळावर शिकवलं. बायबलातल्या यहेज्केलाच्या पुस्तकातला गोग म्हणजे रशिया, त्याच्यासोबतचा पारस म्हणजे आजचा इराण, पूर्वेचे राजे म्हणजे चीन, दहा शिंगं म्हणजे युरोप, आणि आधार कार्ड ही प्रकटीकरणातली श्वापदाची खूण, असं ते म्हणाले. काळ थोडा उरला आहे, तेव्हा जमिनीचा मोह सोडा आणि सेवेला द्या. त्यानंतर एका घराने दोन एकर विकायला काढलं. तुमच्या वडिलांनी पीएम-किसानची ई-केवायसी थांबवली. आणि तुम्ही विचारता: पेरणी करावी का, पोरीला नर्सिंगला घालावं का, हे सगळं शास्त्रात खरंच लिहिलंय का?

पेरणी करा. पोरीला नर्सिंगला घाला. ते दोन एकर विकू देऊ नका. मृग तोंडावर आहे आणि माझं उत्तर लांब आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

प्रभू येशू परत येणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हा विषय बाजूला सारावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला हलली; त्याआधी मी तिथे शिकलो आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत दानीएल, यहेज्केल, प्रकटीकरण शिकवत आलो. ही पुस्तकं मला फार प्रिय आहेत. म्हणूनच त्यांच्या नावावर कुणी एखाद्याचं वावर विकायला लावतं तेव्हा मला गप्प राहवत नाही.

वाचायचं कसं, ते दानीएल स्वतः शिकवतो. आठव्या अध्यायात एडका आणि बोकड दिसतात, आणि देवदूत सरळ सांगतो की एडका म्हणजे मेदी व पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. दुसऱ्या अध्यायातल्या पुतळ्याचं सोन्याचं डोकं कोण, तेही दानीएल नबुखद्नेस्सराला तोंडावर सांगतो: राजा, ते तूच. म्हणजे जिथे नाव सांगायचं होतं तिथे शास्त्राने सांगितलं आहे. सातव्या अध्यायातल्या चौथ्या श्वापदाला मात्र नाव दिलेलं नाही. ते रोम असं पुष्कळांनी मानलं, काहींनी अलेक्झांडरनंतरची ग्रीक राज्यं मानली. इ.स.पू. १६७ मध्ये ग्रीक राजा अंतियोख एपिफानेस याने यरुशलेमेचं मंदिर भ्रष्ट केलं, तेव्हाच्या यहूद्यांनी ही वचनं आपल्यावर गुदरलेल्या संकटाबद्दलची म्हणून वाचली आणि त्यांच्या बळावर ते टिकून राहिले. त्यांचं वाचणं खोटं नव्हतं. जिथे देवदूताने नाव सोडून दिलं आहे तिथे ते भरायचा अधिकार वक्त्याला कुणी दिला, हा माझा पहिला प्रश्न.

आता यहेज्केल ३८. यावर थोडं थांबतो, कारण हा अध्याय खेड्यातल्या माणसासाठी लिहिल्यासारखा आहे आणि त्याचाच नकाशा करून टाकलाय.

यहेज्केल इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला कैद होऊन गेलेल्यांपैकी. खबार नदीकाठच्या वस्तीत तो राहत होता आणि भोवतीच्या माणसांचं सगळं मागे राहिलं होतं. मग यरुशलेमेचा तटही पडला. छत्तिसाव्या अध्यायात देव म्हणतो, मी तुम्हाला तुमच्या देशात परत नेईन. सदतिसाव्यात सुकलेली हाडं उठून उभी राहतात. पण ज्याचं घर एकदा लुटलं गेलं त्याच्या मनात पुढचा प्रश्न येणारच: परत जाऊन घर बांधलं, गुरं जमवली, आणि पुन्हा कुणी बलाढ्य आला तर? अडतिसावा अध्याय त्या प्रश्नाला उत्तर देतो. गोगाच्या मनात काय येतं ते अकराव्या-बाराव्या वचनात पाहा. ज्या खेड्यांना तट नाही, वेशी नाहीत, अडसर नाहीत, जिथली माणसं निवांत राहतात, जिथे आता कुठे गुरंढोरं आणि चार वस्तू जमल्या आहेत, तिथे जाऊन लूट करू.

त्याच्यासोबत कोण कोण आहे? मेशेख, तुबाल, पारस, कूश, पूट, गोमर, तोगार्मा: सात नावं, इस्राएलाच्या उत्तरेची, पूर्वेची, दक्षिणेची, पश्चिमेची. त्या काळच्या माणसाला ठाऊक असलेल्या जगाच्या कडा. मेशेख आणि तुबाल हे यहेज्केलाच्या श्रोत्यांना अनोळखी नव्हते. सत्ताविसाव्या अध्यायात ते सोर शहराशी माणसांचा आणि पितळी भांड्यांचा व्यापार करताना दिसतात. अश्शूरी राजांच्या लेखांतही ते येतात आणि त्यांचा मुलूख आजच्या तुर्कस्तानात पडतो. मेशेख म्हणजे मॉस्को हे केवळ उच्चाराच्या साम्यावर उभं आहे, आणि मॉस्कोला नाव मिळालं ते तिथल्या मोस्क्वा नदीवरून. १९०९ मध्ये अमेरिकेत स्कोफील्ड यांच्या टिपांसह बायबल छापलं गेलं, त्यातून ही रशियाची जोडणी घराघरांत पोचली. टीप पानाच्या खाली होती, पण वाचणाऱ्यांनी ती वचनाइतकी पक्की धरली.

शेवट काय होतो? देव स्वतः गोगाला आवरतो. त्या बिनतटाच्या खेड्यांतून कुणी शस्त्र उचलल्याचं लिहिलेलं नाही. आणि एकोणचाळिसाव्या अध्यायात लोक त्या ढाली, धनुष्यं, भाले सात वर्षं चुलीत जाळतात. सरपणासाठी रानात जावं लागणार नाही, असं वचन म्हणतं. डोक्यावर मोळी घेऊन रानातून येणाऱ्या आपल्या बाया मी पाहतो तेव्हा हे वचन आठवतं. महासत्तेच्या शस्त्रागाराचं सरपण झालं आणि गरिबाच्या घरची चूल पेटली. हे सोडून आपण नकाशावर बाण काढत बसलो, तर अध्यायाचा जीवच काढून घेतला.

आणि गोग एकाच देशाचा असता, तर योहानाने प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात काय लिहिलं ते पाहा. तिथे गोग आणि मागोग पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतल्या राष्ट्रांचं नाव होतं. शास्त्रानेच तो अर्थ इतका रुंद केला आहे.

इतिहासात हे नाव कुणाकुणाला चिकटवलं गेलं! चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी गोग म्हणजे गॉथ टोळ्या म्हटलं, कारण तेव्हा गॉथ रोमच्या सरहद्दीवर होते. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने तुर्क म्हटलं, कारण तुर्क व्हिएन्नापर्यंत आले होते. मग रशिया. ज्याला ज्याची भीती, त्याला त्याचा गोग. बिशप ऑगस्टीन मात्र पाचव्या शतकातच सांगून गेला होता की ही नावं कुठल्या एका रानटी जमातीची समजू नका. आणि तो ४३० मध्ये वारला तेव्हा त्याच्या शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला होता. दाराशी शत्रू असलेल्या माणसाचा हा संयम मला मोलाचा वाटतो.

दानीएलातल्या चौथ्या श्वापदाच्या दहा शिंगांचंही तसंच. मी शिकत होतो त्या वर्षांत हा अर्थ सगळ्यांच्या तोंडी होता, कारण १९८१ मध्ये ग्रीस आत आला आणि युरोपीय समुदायाचे देश बरोबर दहा झाले. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, बारा झाले. आज युरोपीय संघात सत्तावीस आहेत. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या हिशेबावर विसंबून हजारो लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभूची वाट पाहिली. काहींनी त्या हंगामात शेतातलं पीक काढलंच नाही. अशीच गाजलेली २१ मे २०११ ची तारीख तर तुमच्याही आठवणीत असेल. या माणसांचं प्रभूवर प्रेम होतं यात मला शंका नाही. पण तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असं मार्काच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतः सांगतो. ते वचन ओलांडून पुढे गेलं की प्रेमाने केलेला हिशेबही चुकतोच.

पूर्वेचे राजे. प्रकटीकरण १६ मध्ये फरात नदी आटते आणि त्यांची वाट मोकळी होते. पहिल्या वाचकाला इथे दोन गोष्टी आठवल्या असणार. एक, फरातेपलीकडचे पार्थियन, ज्यांची रोमला कायम धास्ती होती. दुसरी, इ.स.पू. ५३९ मध्ये पारसी राजा कोरेश याने बाबेल घेतलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो, नदीचं पाणी वळवून त्याचं सैन्य आत शिरलं. म्हणजे बाबेल कितीही माजलं तरी त्याची नदी आटू शकते, हा त्या ओळीचा रोख. चीनचं नाव तिथे नाही. भारताचंही नाही, आपल्या देशाचं नाव एस्तेरच्या पुस्तकात येतं, तेही पारसी राज्याची एक हद्द म्हणून.

इराणबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय, कारण त्या सभांनंतर तुमच्या गावातल्या मुसलमान शेजाऱ्यांबद्दल मंडळीत वेडंवाकडं बोललं गेलं असं तुम्ही लिहिलंय. यहेज्केल ३८ मधलं पारसाचं एक नाव उचलायचं आणि बाकी शास्त्र मिटून ठेवायचं, हे बरोबर नाही. यशया ४५ मध्ये देव ज्याला आपला अभिषिक्त म्हणतो तो कोरेश पारसाचाच राजा. कैद्यांना घरी जाऊ देणारा तोच. यिर्मया ४९ मध्ये एलामाला, म्हणजे आजच्या इराणच्या नैऋत्य भागाला, शिक्षेनंतर शेवटच्या दिवसांत पुन्हा उभं करण्याचं अभिवचन आहे. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टला, पवित्र आत्मा उतरला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या यादीत प्रेषितांची कृत्ये पहिलं नाव पार्थी यांचं घेतात, मग मेदी, मग एलामी. आणि यशया १९ मध्ये मिसर आणि अश्शूर, इस्राएलाचे दोन जुने वैरी, देवाच्या आशीर्वादात इस्राएलाच्या बरोबरीने बसतात. जी अंतकाळाची शिकवण ऐकून घरी जाताना शेजाऱ्याचा द्वेष घेऊन जावं लागतं, ती शिकवण कुठेतरी वाट चुकली आहे.

आता वडिलांचा प्रश्न. आधार बारा आकडी क्रमांक आहे. पहिलं कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. नागरिक म्हणून कुणाला त्याबद्दल आक्षेप असतील तर ते मांडता येतात, सर्वोच्च न्यायालयात मांडलेही गेले आणि २०१८ मध्ये त्यावर निकाल आला. पण श्वापदाची खूण वेगळी आहे. प्रकटीकरण १३ आणि १४ सलग वाचा. खूण घेणं आणि श्वापदाची उपासना करणं तिथे प्रत्येक वेळी जोडीने येतं. उजवा हात आणि कपाळ ही जागा अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आहे, जिथे देव आपली वचनं हातावर आणि कपाळावर बांधायला सांगतो. म्हणजे तुझं मन आणि तुझं काम कुणाच्या नावावर, हा तो प्रश्न आहे. लगेच चौदाव्या अध्यायाच्या आरंभी कोकऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, लोकांच्या कपाळावर पित्याचं नाव दिसतं; ते कुणी काढलेलं कार्ड नाही हे सगळ्यांना कळतं, मग तेराव्या अध्यायातलंच कार्ड का व्हावं?

पहिल्या मंडळीवर हे खरोखर गुदरलं. इ.स. ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधला रोमन अधिकारी प्लिनी सम्राट त्राजानला पत्र लिहून कळवतो की ख्रिस्ती म्हणून ज्यांच्यावर आरोप आला त्यांची तो कशी परीक्षा घेतो: सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहा, ख्रिस्ताला शाप दे, मग सुटलास. ६६६ हा आकडाही, नेरो कैसर हे नाव इब्री अक्षरांत लिहून त्यांच्या किमती मिळवल्या, तर जुळतो. तुमच्या वडिलांना सेतू केंद्रावर अंगठा लावताना कुणी येशूला नाकारायला सांगितलं का? नाही ना? मग त्यांनी काहीही विकलेलं नाही. पण उद्या कुठलीही सत्ता, कुठल्याही झेंड्याची, आमच्यापुढे झुक नाहीतर तुझं देणंघेणं बंद करतो असं म्हणाली, तर तो तेरावा अध्याय आपल्या दारात आला असं समजा. त्यासाठी मंडळीला तयार करायला हवं. आधारच्या भीतीत ती तयारी वाया जाते.

महासत्तांचा आपल्या गावाशी संबंध नाही असंही समजू नका. प्रकटीकरण ६ मध्ये तिसऱ्या, काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या हातात तराजू आहे, आणि भाव पुकारला जातो: दिवसभराच्या मजुरीत एका माणसाचे एका दिवसाचे गहू, किंवा त्याच्या तिप्पट जव, तेल आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लावू नका. गरिबाचं धान्य कडाडलं आणि श्रीमंताच्या ताटातलं जसंच्या तसं राहिलं. हे वाचताना मला कापसाचा काटा आणि कृषी केंद्राचं बिल दिसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जगभर खतांचे भाव चढले. आपल्याकडे पोटॅश जवळपास सगळं बाहेरून येतं. दूरच्या राजांची लढाई बांधापर्यंत येते ती अशी. अठराव्या अध्यायात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे: सोनं, रेशीम, मैदा, गहू, गुरं, मेंढरं, आणि अगदी शेवटी माणसांचे जीव. माणूस यादीच्या तळाशी. बाबेल कोणतं शहर हे शोधण्याआधी ही यादी मंडळीत मोठ्याने वाचा. आपल्या लोकांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

राहिलं ते वावर. वक्त्यांनी प्रेषितांची कृत्ये ४ दाखवलं असेल, विश्वासणारे जमिनी विकून पैसे आणून देत. खरं आहे. पण ते मंडळीतल्या गरजवंतांसाठी होतं आणि आपल्या खुशीने होतं. पुढच्याच अध्यायात पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन होती तोवर तुझीच होती. काळ थोडा उरला म्हणून विका असं तिथे कुणीही म्हणत नाही.

उलट यिर्मया ३२ काढा. बाबेलच्या सैन्याचा यरुशलेमेला वेढा पडलेला. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या आवारात अटकेत. शहर पडणार हे त्याच्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, कारण तोच ते सांगत आला होता. अशा वेळी देव त्याला सांगतो, अनाथोथ गावातलं तुझ्या चुलतभावाचं शेत विकत घे. तो सतरा शेकेल वजनाची चांदी तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून. का? कारण या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील. सातबाऱ्याची किंमत जाणणाऱ्या आपल्या माणसांना या अध्यायाइतकं जवळचं दुसरं कुठलं असेल? जगाची सत्ता वेशीवर उभी असताना संदेष्ट्याने जमीन विकली नाही, घेतली. ज्या घराने दोन एकर काढलंय त्यांच्या ओसरीवर बसून हा अध्याय वाचा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, घाई न करता. घाव घालणारं काही बोलू नका. त्यांनी भक्तीपोटीच पाऊल उचललंय.

पेरणीचं उत्तर पौलाने देऊन ठेवलंय. थेस्सलनीकात प्रभूचा दिवस आलाच असं कुणीतरी पसरवलं, त्याच्याच नावाच्या पत्राचा हवाला देऊन, आणि काही लोक कामधंदा सोडून बसले. दुसऱ्या पत्रात तो त्यांना सांगतो की असल्या निरोपाने एकदम घाबरून जाऊ नका, आणि शांतपणे काम करून आपली भाकर खा. पत्राच्या जागी आज मोबाईलवरचा व्हिडिओ आहे, एवढाच फरक.

ते वक्ते परत आले तर भांडू नका. तीन गोष्टी विचारा, सगळ्यांसमोर, आदराने. हा अर्थ यहेज्केलाच्या पहिल्या श्रोत्यांना काय म्हणून कळला असता? तुमच्या आधी ज्यांनी गोगाचं नाव घेतलं त्यांचं काय झालं? आणि जमिनीचा पैसा कुणाच्या खात्यात जाणार, त्याची पावती आणि हिशेब मंडळीला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आलं नाही, तर पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी थांबू नका.

मंडळीत प्रकटीकरण शिकवायचंच असेल तर आधी दानीएलाचे पहिले सात अध्याय घ्या, मग यिर्मया २९ ते ३२, मग मत्तय २४ आणि २५ एकत्र, कारण चोविसाव्यातल्या लढाया आणि दुष्काळ वाचून लोक थांबतात, आणि पंचविसाव्यातला भुकेलेला, तान्हेला, तुरुंगातला माणूस राहून जातो. प्रकटीकरण त्यानंतर, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांतल्या सात मंडळ्यांपासून. पाऊस लागला की संध्याकाळी माणसं घरी असतात. तेव्हा सुरू करा. मला बोलावलंत तर मीही येईन.

आणि वडिलांची ई-केवायसी या आठवड्यात करून घ्या. हप्ता अडकला असेल तर तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.